मोटारीला कुलूप, चोरबाजार मात्र उघडा

इमारतीच्या आवारात जागा मिळाली नाही म्हणून रात्री रस्त्याच्या कडेला उभी केलेली मोटार सकाळी जागेवर नसते. खाली काचेचा चुरा नसतो, भोंगा वाजल्याचे शेजारीपाजारी कुणी सांगत नाही, रखवालदाराने काही पाहिलेले नसते. मालकाचा पहिला संशय वाहतूक पोलिसांवर जातो. गाडी 'टो' करून नेली असेल, या आशेवर तासभर चौकीचौकीत विचारपूस होते आणि मग तो पोलीस ठाण्याची पायरी चढतो. मुंबई, ठाणे, पुणे किंवा नागपूर, शहर कोणतेही असो, वाहनचोरीच्या फिर्यादीची सुरुवात बहुधा अशीच होते. देशात नोंदल्या जाणाऱ्या चोऱ्यांमध्ये वाहनचोरीचा वाटा फार मोठा आहे आणि त्यात दुचाकींची संख्या सर्वाधिक असते. महानगरांच्या यादीत दिल्ली वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर आहे. पण मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने मोटार ही घराखालोखालची सर्वांत महागडी खरेदी, तीही बहुधा कर्जावर घेतलेली. ती गेली तर नुसते वाहन जात नाही, घरखर्चाचा सारा हिशेब कोलमडतो.

'माझ्या गाडीला तर चिपवाली किल्ली आहे, ती चोरीला जाईलच कशी?' हा प्रश्न फिर्यादी हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गेल्या तीस वर्षांत मोटार उत्पादक आणि चोर यांच्यात चाललेल्या शर्यतीत दडलेले आहे.

एके काळी 'इग्निशन'च्या तारा जोडून गाडी सुरू करणे हे चोराचे प्रमुख कसब होते. त्यावर तोडगा म्हणून 'इमोबिलायझर' आला. किल्लीच्या मुठीतल्या चिपकडून योग्य सांकेतिक उत्तर मिळाल्याखेरीज इंजिनाचा संगणक इंजिन सुरूच होऊ देत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तोच मार्ग धरला. अमेरिकेने मात्र सक्ती केली नाही आणि त्याची किंमत तिथल्या ग्राहकांनी मोजली. २०१५ सालच्या ह्युंदाई आणि किआच्या तिथल्या मोटारींपैकी जेमतेम २६ टक्के मोटारींत इमोबिलायझर होता. इतर कंपन्यांच्या मोटारींत हेच प्रमाण ९६ टक्के होते. २०२२ मध्ये अल्पवयीन मुलांनी या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने सुरू करण्याची चित्रफीत एकमेकांना दाखवायला सुरुवात केली आणि अनेक शहरांत चोऱ्यांचा पूर आला. त्यात अपघात आणि मृत्यूही झाले. अखेर सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सुधारित सॉफ्टवेअर देण्याची पाळी कंपन्यांवर आली. काही डॉलरची चिप वाचवल्याचा हा परिणाम. स्वस्तातले मॉडेल विकत घेणाऱ्याची सुरक्षितताही स्वस्तातली असावी, हे गणित किती अंगाशी येते याचे एवढे बोलके उदाहरण दुसरे नसेल.

तथापि, इमोबिलायझर असला म्हणजे चिंता मिटली असेही नाही. 'कीलेस', म्हणजे किल्ली खिशातच ठेवून बटणाने सुरू होणारी मोटार आली आणि सोयीबरोबर धोकाही आला. किल्ली जवळ आहे एवढेच मोटारीला कळते. ती किती जवळ आहे हे तिला नेमके कळत नाही. दोन चोर दोन उपकरणे घेऊन येतात. एक जण घराच्या दाराशी उभा राहून आतल्या किल्लीचा संदेश टिपतो, दुसरा तो गाडीपाशी पोहोचवतो आणि गाडी समजते की मालकच आला. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर हा प्रयोग करून दाखवला होता. दहापैकी एकही मोटार या युक्तीपुढे टिकली नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे याच धर्तीच्या गाड्या जगभर विकल्या गेल्या.

दोष दाखवणाऱ्यांचे स्वागत कसे झाले, हेही पाहण्यासारखे आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधील संशोधकांनी अनेक नामांकित मोटारींत वापरल्या जाणाऱ्या 'मेगामॉस क्रिप्टो' या चिपचे कूट उलगडले तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. तो निबंध प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले आणि तेही त्यातील एक वाक्य वगळून. चोरांना निबंध वाचण्याची गरज नसते. दोन वर्षे अंधारात राहिला तो ग्राहकच.

त्याही पुढची पायरी २०२२ मध्ये लंडनमध्ये उघड झाली. तिथे चक्क एका वाहन-सुरक्षा संशोधकाचीच मोटार गेली. चोरीच्या आधी काही दिवस कुणीतरी गाडीच्या पुढच्या दिव्याजवळचा भाग उचकटला होता. सुरुवातीला त्याला तो टवाळखोरांचा उपद्व्याप वाटला. नंतर लक्षात आले की दिव्याच्या तारांमधून मोटारीच्या अंतर्गत जाळ्यात शिरता येते आणि 'किल्ली खरी आहे' असा खोटा निरोप थेट आत सोडता येतो. किल्लीची चिप कितीही भक्कम असो, तिला कुणी विचारलेच नाही तर ती काय करणार? हे काम करणारे उपकरण साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवून विकले जात होते.

आपल्याकडील टोळ्यांची पद्धत याहून साधी आणि म्हणूनच अधिक प्रचलित आहे. मागच्या दाराची छोटी काच हलकेच काढायची किंवा दाराचे कुलूप उघडायचे, 'स्टिअरिंग'खालच्या ज्या सॉकेटला गॅरेजवाला दोष तपासण्याचे यंत्र जोडतो त्याच ओबीडी सॉकेटला टॅब्लेटसारखे उपकरण जोडायचे आणि कोऱ्या किल्लीची ओळख गाडीला करून द्यायची. हेच उपकरण हरवलेल्या किल्लीऐवजी नवी किल्ली करून देणाऱ्या कारागिराकडेही असते. गेल्या काही वर्षांत पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे कटावणी आणि पट्टीबरोबर अशी उपकरणे व कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे सापडू लागले, ते यामुळेच. या साधनांच्या खरेदी-विक्रीवर बंधन घालण्याचा विचार इतरत्र सुरू झाला आहे. कायदेशीर कारणाखेरीज असे उपकरण बाळगणे हाच गुन्हा ठरवण्याची तरतूद ब्रिटनने २०२५ मधील विधेयकात केली. भारतात त्याची चर्चाही ऐकू येत नाही.

मग सामान्य मालकाने करावे तरी काय? गंमत अशी की इलेक्ट्रॉनिक चोरीवरचा सर्वांत भरवशाचा उतारा जुनाच, लोखंडी आहे. गिअर लॉक किंवा 'स्टिअरिंग'वर बसवायचा दांडा यांना कोणताही संगणक फसवू शकत नाही. ते कापावे लागतात, त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो. चोराजवळ नेमक्या याच दोन गोष्टींची टंचाई असते. दांडा बसवलेल्या गाडीपेक्षा शेजारची मोकळी गाडी त्याला सोयीची वाटते. शेजाऱ्याच्या दृष्टीने हा काही समाधानाचा उपाय नव्हे, पण वस्तुस्थिती तीच आहे. कीलेस गाडीची किल्ली घरात संदेश अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवणे, दुसरी किल्लीही त्यातच ठेवणे आणि पाकीट खरोखर काम करते की नाही हे गाडीजवळ जाऊन पाहणे, एवढे केले तर संदेश पळवणारी युक्ती बहुतांशी फसते. जीपीएसचे छुपे उपकरण चोरी रोखत नाही. ते फक्त गाडीचा माग सांगते, तेही चोराच्या हाती लागेपर्यंत किंवा त्याने लहरी अडवणारे यंत्र लावेपर्यंत. सर्रास आढळणारा खरा निष्काळजीपणा मात्र वेगळाच आहे. पानाच्या टपरीपाशी इंजिन चालू ठेवून उतरणे, हॉटेलच्या दारात 'व्हॅलेट' म्हणून पुढे आलेल्या कुणाच्याही हाती किल्ली सोपवणे आणि दुसरी किल्ली गाडीच्याच कप्प्यात ठेवणे. येथे चोराला तंत्रज्ञानाची गरजच उरत नाही.

या साऱ्या चर्चेत एका प्रश्नाकडे मात्र दुर्लक्ष होते. चोरलेली मोटार जाते कुठे? विकत घेणारा नसेल तर चोरी होणार नाही, इतके हे साधे आहे. काही गाड्या तासाभरात सुट्या भागांत विभागल्या जातात. उत्तर प्रदेशातील मीरतचा सोतीगंज हा बाजार त्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. बाजार एका जागचा उठला म्हणून धंदा उठतोच असे नाही, कारण मूळ कंपनीच्या सुट्या भागाची किंमत आणि 'जुन्या बाजारा'तील किंमत यांतील तफावत कायम आहे. स्वस्तात बंपर किंवा दिवा मिळाला म्हणून आनंदाने परतणाऱ्या ग्राहकाचाही या साखळीला हातभार लागतो, हे कटू असले तरी नाकारता येणार नाही.

दुसरी वाट अधिक सफाईदार आहे आणि तिथे कायद्यातली फट दिसते. भीषण अपघातात मोडलेली मोटार विमा कंपनी 'टोटल लॉस' ठरवते आणि तिचा सांगाडा लिलावात विकला जातो. सांगाड्याला भंगाराहून अधिक भाव देणारा गिऱ्हाईक पत्रा विकत घेत नसतो. त्याला हवी असतात ती कागदपत्रे आणि चेसिस क्रमांक. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, त्याच वर्षाची गाडी चोरून आणायची, तिचा चेसिस क्रमांक घासून मोडक्या गाडीचा क्रमांक ठोकायचा आणि तीच नंबरप्लेट लावायची. कागदोपत्री गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आलेली असते. खरे तर वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये १९८८ पासून आहे. पण भरपाई मिळाल्यानंतर आरटीओची पायरी चढण्याची तसदी कोण घेणार? सांगाडा विकण्याआधी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागितला गेला, तर या धंद्याचा कणाच मोडेल. असा दाखला मागायला नव्या तंत्रज्ञानाची आवश्यकता नाही, फक्त दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलण्याची आहे.

उच्च सुरक्षा नंबरप्लेटकडे याच संदर्भात पाहिले पाहिजे. लेझरने कोरलेला अनुक्रमांक, अशोकचक्राचा होलोग्राम, एकदाच बसणारे कुलूप अशी तिची रचना आहे. केंद्रीय नियमांत ती २००१ मध्ये आली, सर्वोच्च न्यायालयाला तिच्यासाठी राज्यांचे वारंवार कान उपटावे लागले आणि नव्या वाहनांना ती सरसकट बसू लागली ती १ एप्रिल २०१९ पासून. महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांसाठी २०२५ मध्ये मुदत ठरली, मग ती पुन्हापुन्हा वाढवावी लागली. दर आणि केंद्रांची टंचाई यांवरून झालेल्या वादात प्लेटच्या मूळ हेतूची चर्चा बाजूलाच पडली. प्लेट बदलणे अवघड झाले हे खरे. पण रस्त्यावरचा कॅमेरा जो क्रमांक वाचतो, तो चोरीच्या यादीशी त्याच क्षणी ताडून पाहिला गेला तरच तिचा उपयोग. शिवाय मोडक्या गाडीचे नाव धारण केलेली चोरीची मोटार कॅमेऱ्यासमोरून ताठ मानेने जाते, कारण तिचा क्रमांक कोणत्याच यादीत नसतो.

फसतो तो जुनी गाडी घेणारा. चोरीची गाडी ठरली की पोलीस ती जप्त करतात, त्याचे पैसे बुडतात आणि वर चौकशीला सामोरे जावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहता येते. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकृत मान्यता घेण्याचा नियमही १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. तरीही व्यवहार ठरवताना रंगाची चमक पाहण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही चेसिसवरचे आकडे निरखण्यात जात नाही. आकड्यांमधले अंतर, घासल्याच्या खुणा, आजूबाजूचा ताजा रंग हे जाणकार मेकॅनिक पाच मिनिटांत सांगू शकतो.

चोरीच्या मोटारीचा प्रश्न मालकाच्या खिशापुरताही नाही. जुलै २००८ मधील अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांत रुग्णालयांपाशी स्फोट घडवण्यासाठी वापरलेल्या आणि सुरतेत स्फोटकांसह सापडलेल्या मोटारी नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. चोरी आणि स्फोट यांच्यामध्ये काही आठवड्यांचा अवधी गेला होता. गाडी चोरीला गेल्यावर फिर्याद तातडीने का नोंदवावी, याचे एवढे कारण पुरेसे ठरावे.

फिर्यादीनंतर सुरू होतो तो विम्याचा अध्याय आणि बहुतेकांचे डोळे तिथे उघडतात. कायद्याने सक्तीचा असलेला 'थर्ड पार्टी' विमा चोरीची भरपाई देत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. 'तीन वर्षांचा विमा काढला आहे' या समजुतीत दुसऱ्या वर्षी तो नूतनीकरणावाचून राहतो आणि नेमकी तेव्हा चोरी झाली तर हाती काहीच येत नाही. विमा चालू असला तरी मिळते ते गाडीचे घसारा वजा जाता ठरलेले मूल्य. प्रचलित तक्त्यानुसार सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीवर १५ टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीवर ३० टक्के आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीवर ४० टक्के घसारा धरला जातो. म्हणजे दहा लाखांची मोटार साडेतीन वर्षांनी गेली तर तिचे मूल्य सहा लाख. सात वर्षांच्या मुदतीने नऊ टक्के दराने दहा लाखांचे कर्ज घेतले असेल तर त्या वेळी सुमारे पावणेसहा लाखांचे मुद्दल शिल्लक असते. ते आधी बँकेकडे वळते होते. मालकाच्या हाती वीस-बावीस हजार रुपये आणि बसचे तिकीट. मूळ खरेदीची रक्कम देणारे 'रिटर्न टु इनव्हॉइस' हे जादा संरक्षण पहिल्या काही वर्षांत घेण्याजोगे आहे. मान्यताप्राप्त चोरीरोधक उपकरण बसवणाऱ्यास मात्र जुन्या दरपत्रकाने देऊ केलेली सवलत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये इतकीच होती. एवढ्या प्रोत्साहनावर कोण उपकरण बसवणार?

दाव्यासाठी कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक हरवलेली असेल तर संशयाची सुई मालकाकडे वळते. त्यामुळे किल्ली हरवली त्याच दिवशी पोलिसांत नोंद केलेली बरी. गाडीचा तपास लागला नाही तर पोलिसांनी 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला, असा अहवाल न्यायालयात देऊन तो मंजूर व्हावा लागतो. यात महिने जातात आणि हप्ते मात्र थांबत नाहीत. 'आम्हाला उशिरा कळवले' हे दावा फेटाळण्याचे कंपन्यांचे आवडते कारण. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदरसिंग प्रकरणात त्याला चाप लावला. फिर्याद ताबडतोब नोंदवलेली असेल आणि चोरी खरी असेल तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने स्पष्ट केले. २०२३ मध्ये चालकाने किल्ली गाडीतच ठेवल्याने मालमोटार गेल्याच्या प्रकरणातही पूर्ण नकार न देता ७५ टक्के रक्कम देण्याचा मार्ग न्यायालयाने उचलून धरला. निकाल चांगले आहेत. पण ते मिळवण्यासाठी मालकांना ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत जावे लागले, हे विसरता येत नाही.

गुन्हेगारी कायदाही १ जुलै २०२४ पासून बदलला. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाची चोरी स्वतंत्रपणे नमूद असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्येही वाहनचोरीचा उल्लेख आहे. फिर्याद कोणत्याही ठाण्यात, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. तीन दिवसांत सही करावी लागते. गाडी गेल्याचे कळताच आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. फास्टॅग घाईने बंद करण्याऐवजी, टोल कापल्याचा संदेश आलाच तर तो लगेच तपास अधिकाऱ्याला दाखवावा. सराईत चोर तो टॅग काढून टाकतो, नवखा विसरतो.

आणि गाडी सापडलीच तर? ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात येते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले होते की जप्त वाहने ठाण्यांत सडत ठेवू नयेत. छायाचित्रे व पंचनामा करून, हमीपत्र घेऊन ती योग्य व्यक्तीच्या ताब्यात द्यावीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने त्यासाठी दिवसही ठरवून दिले आहेत. चौदा दिवसांत न्यायालयाने मालमत्तेचे वर्णनपत्र तयार करायचे, छायाचित्रण करून घ्यायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. विमा कंपनीने भरपाई आधीच दिली असेल तर गाडीवर हक्क कंपनीचा. ती परत आली तरी मालकाच्या दारात येत नाही. कंपनी तिचा लिलाव करते आणि ती नव्याने कुणाच्या तरी हाती, बहुधा जुन्या गाड्यांच्याच बाजारात, पोहोचते.